देशी, विलायती आणि दीड भाकरी

वजनाच्या बाबतीत मला कुणी फसवू शकत नाही! हे मी उगाच छाती फुगवून सांगत नाही. लालबागच्या बाजारात मी नुसता येऊन उभा राहिलो तरी भाजीवाल्या काटा मारायच्या थांबायच्या. एकीने तर मला लांबूनच बघून दोन वांगी आपण होऊन जास्त टाकली होती!

कारण मी सरकारी वजनकाट्यावरचा माणूस. सन अठ्ठावन्नची गोष्ट. परळला जनावरांवर संशोधन करणारं एक लहानसं केंद्र होतं, तिथे मी खुराक-कारकून होतो. म्हणजे जनावराला काय घातलं, किती घातलं, त्याचं वजन किती भरलं, हे खाकी पुठ्ठ्याच्या वहीत लिहायचं. तीन वर्षं हंगामी. कायम करतो म्हणायचे आणि दरवर्षी पुन्हा हंगामी करायचे.

जनावरं कुठली, हे मी घरी सांगितलं नव्हतं. आईला वाटायचं, गाई-म्हशी. मी तिचा समज मोडला नाही. खरं सांगितलं असतं तर तिने मला रोज नळाखाली उभं करून, डोक्यावरून घागरभर पाणी ओतूनच घरात घेतलं असतं. कारण मी डुकरांचा खुराक मोजत होतो!

आमचे साहेब डॉ. रघुवीर तेलंग. पुण्याकडचे, चष्म्याआडून बोलणारे, प्रत्येक शब्द इस्त्री करून वापरणारे. त्यांना एकाच प्रश्नाने झपाटलं होतं.

"राजाराम, टॅक्सी नाक्यावर उभी आहे. गिऱ्हाईक नाही, मीटर पडलेलं नाही, पण इंजिन चालू आहे. पेट्रोल जळतं की नाही?"

"जळतं, साहेब."

"तेच मला मोजायचंय. जनावराने वाढायचं नाही, घटायचं नाही, पिल्लं द्यायची नाहीत. नुसतं जगायचं. श्वास घ्यायचा, अंग गरम ठेवायचं. त्याला किती लागतं? आणि सगळ्या जातींना सारखंच लागतं का?"

त्यासाठी दोन माद्या होत्या. एक विलायती, गोरीपान, गुलाबी कानांची. दुसरी आपली देशी, काळी, राठ केसांची. दोघींचं वजन एकशे चाळीस रत्तलांच्या, म्हणजे पौंडांच्या, आसपास. गंमत अशी की गोरीला रोज दोन रत्तल खुराक घातला तर कुठे तिचं वजन जागेवर राहायचं. पावणेदोनवर आणलं की ती उतरू लागायची. काळी मात्र दीड रत्तलात ठणठणीत! तिला चुकून दोन रत्तल पडले तर आठवड्यात फुगून यायची. बरं, दिवसभर लोळण्यात दोघींचा हात धरणारं कुणी नव्हतं. म्हणजे काम सारखं, वजन सारखं, पण एकीचं इंजिन उभ्या उभ्या जास्त पिणारं आणि दुसरीचं कमी.

मला हे ऐकताना रोज घर आठवायचं!

आमच्या घरी दोन बायका. एक माझी आई, राधाबाई. देवगडची. वजन अठ्ठ्याण्णव रत्तल, अंगावर मूठभरही मांस नाही, पण जेवायला बसली की तीन भाकऱ्या, वर भात, वर सुका बांगडा. दुसरी माझी बायको कांता. गिरगावात वाढलेली, सातवी शिकलेली, बोलायला कमी आणि अंगाने भरलेली. ती खायची दीड भाकरी. लग्नाला दोन वर्षं झाली होती. दीडाची पावणेदोन झालेली मी पाहिली नव्हती.

आणि इथेच आईचं गणित बिघडलं!

"झिला, तुझी बायल चोरून खाता," आई मला गॅलरीत ओढून म्हणाली.

"आई, काहीतरीच काय!"

"काहीतरीच? दीड भाकरी खाता आणि अंग बघ तिचा! वारो खावन कोण जाडा होता काय? मी दुपारी देवळात गेलंय की ही डबे उघडता."

हे ती कुजबुजत म्हणाली. पण आईची कुजबूज म्हणजे गिरणीचा भोंगा! पलीकडच्या खोलीतली अंबिका चूल फुंकायची थांबली. कांता आत पोळपाट धूत होती. तिने पोळपाट जरा जास्तच जोरात भिंतीला लावून ठेवला.

त्यानंतर आईने डब्यांना दोऱ्याच्या गाठी मारल्या. खोबऱ्याच्या वाटीवर हळदीच्या बोटाची खूण केली. कांताने फक्त दीडावरून भाकरी एकावर आणली. आणि एका संध्याकाळी मला म्हणाली,

"अहो, आजपासून पंधरा दिवसांनी रामजी मला न्यायला येणार आहे."

रामजी तिचा धाकटा भाऊ.

"सणाला?"

"नाही."

"मग परत कधी?"

ती ट्रंकेवरची धूळ पुसत राहिली. लालबागहून गिरगाव म्हणजे ट्रामने अर्धा तास. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून मला वाटलं, ही ट्राम थेट एडनला चालली आहे!

आता कुठलाही शहाणा नवरा अशा वेळी बायकोजवळ बसून दोन शब्द बोलला असता. मी शहाणा नव्हतो, मी खुराक-कारकून होतो! मी ठरवलं, प्रश्न शास्त्रानेच सोडवायचा. पंधरा दिवस दोघींचं खाणं मोजायचं, आठवड्याला वजन घ्यायचं, आणि आकडे आईच्या पुढ्यात ठेवायचे. आकड्यांपुढे आई काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी केंद्रातला लहान तराजू आणि एक कोरी खाकी वही घेऊन घरी आलो.

"ह्या काय?" आई.

"सरकारी पाहणी आहे. माणसाला किती अन्न लागतं ते बघायचंय."

आई ताठ झाली. "खंयच्या सरकाराची?"

"मुंबई सरकारची."

"द्वैभाषिकाच्या? मराठी माणसाक मुंबई देवक नको, आणि आमची भाकरी मोजूक होयी? देवचंय नाय!"

आई एकही मोर्चा चुकवत नसे. तिच्या गादीखाली 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' लिहिलेली पाटी कायम तयार असायची. मी पटकन शब्द फिरवला.

"अगं, म्हणजे… त्यांच्यासाठी नाहीच मुळी! संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर माणशी किती धान्य लागेल, त्याचा हा आधीपासून हिशेब. गुप्त आहे. कुणाला सांगू नकोस."

आईचे डोळे चमकले. तिने त्या क्षणी तीन भाकऱ्या तराजूत घातल्या.

आणि कुणाला सांगितलं नाही. फक्त गॅलरीत उभी राहून खालच्या नळापर्यंत ऐकू जाईल इतकंच बोलली!

सकाळी दार उघडतो तर बाहेर रांग! प्रत्येकीच्या हातात ताट, ताटावर फडकं. अंबिका सगळ्यांत पुढे.

"भावजी, आमच्याकडे भात जास्त. भातवाल्यांची वही वेगळी का?"

"वहिनी, अहो हे…"

"आमचं नाव राहायला नको हां! उद्या महाराष्ट्र व्हायचा आणि आमच्याच चुलीचं धान्य कमी पडायचं!"

तिच्यामागे वरच्या मजल्यावरचा कुशाबा पैलवान अकरा भाकऱ्यांची चवड घेऊन उभा. "मास्तर, आकडा कमी लिहू नका. महाराष्ट्राच्या अब्रूचा प्रश्न आहे."

एवढ्यात तळमजल्यावरचा दौलत आला. गिरणीत साचेवाला, चळवळीचा पक्का कार्यकर्ता, आणि खोटं ऐकलं की एक भुवई वर करणारा माणूस.

"राजाराम, हा हिशेब कुणी मागितलाय? मला कसा ठाऊक नाही?"

"गुप्त आहे, दौलतराव."

त्याने भुवई वर केली. माझा घाम पाहिला. मग रांगेकडे पाहिलं. कुणी ढकलाढकली करत नव्हतं. एरवी नळावर एकमेकींच्या हंड्यांना लाथा घालणाऱ्या बायका शिस्तीत उभ्या होत्या.

"ठीक आहे," तो म्हणाला. "पण मग अक्षर नीट काढ."

आणि स्वतःच रांग लावायला उभा राहिला!

चौदा दिवस मी चाळीच्या भाकऱ्या मोजल्या. अख्ख्या आयुष्यात डुकरांनी मला दिला नाही इतका त्रास चाळीने दिला. पण खरी नोंद दोघींचीच. वही कांताच्या हाती पडली तर? तिला वाचता येत होतं. म्हणून मी नावं लिहिली नाहीत. आई जास्त खाते, म्हणून ती 'विलायती'. कांता कमी खाते, म्हणून 'देशी'. केंद्रातल्या वहीसारखेच रकाने आखले: खुराक, वजन, शेरा. डोकं म्हणजे डोकं!

वजनासाठी रविवारी दोघींना करी रोड स्टेशनच्या यंत्रावर नेलं. नाणं टाकलं की वजनाचं तिकीट बाहेर पडायचं, मागे भविष्य छापलेलं. आईचं भविष्य निघालं, 'तुमचा स्वभाव अत्यंत शांत आहे.'

"बघ! यंत्राक सुद्धा कळता," आई म्हणाली.

कांताचं निघालं, 'लवकरच प्रवासाचा योग आहे.' तिने तिकीट घडी करून पदराच्या गाठीला बांधलं. मी त्या यंत्राला लाथ घालणार होतो.

पण आकडे! आकडे सोन्यासारखे आले. आई दिवसाला कांताच्या दुपटीहून जास्त खात होती आणि तिचं वजन अठ्ठ्याण्णवच्या वर सरकत नव्हतं. कांता एक-दीड भाकरीवर होती, आणि एकशे बेचाळीस ते एकशे बेचाळीस. खोबऱ्यावरची हळदीची खूण जिथल्या तिथे. डब्यांच्या गाठी आईच्याच. कांता निर्दोष होती!

आता हे सांगायचं कसं? "आई, माझ्या बायकोवरचा आळ खोटा आहे, आमच्या काळ्या डुकरिणीने ते सिद्ध केलंय," असं? रोज शब्द जुळवायचो आणि रोज आमटीबरोबर गिळायचो. असे चौदा दिवस गेले.

पंधराव्या दिवशी दोन गोष्टी एकत्र आल्या. संध्याकाळी रामजी यायचा होता. आणि दुपारी केंद्रात दिल्लीचे मोठे साहेब तेलंगसाहेबांचं काम बघायला यायचे होते. त्यांना पटलं तर योजना पुढे चालणार आणि मी कायम होणार. नाही पटलं तर दोन्ही माद्या आणि मी, तिघांचाही खुराक बंद!

आकडे स्वच्छ उतरवायला केंद्रातली वही मी आदल्या दिवशी घरी आणली होती. फळीवर दोन खाकी वह्या शेजारी शेजारी. सकाळी मी केसांना तेल लावत असताना आई पाटी घेऊन मोर्चाला निघाली होती. जाता जाता म्हणाली, "तुझी वही पिशवीत घातलंय रे!"

मी म्हटलं, "बरं." एवढंच म्हटलं. आयुष्यात काही 'बरं' फार महाग पडतात!

दुपारी दोन वाजता दिल्लीचे साहेब समोर बसले. टेबलावर फुलदाणी, गरम चहा, बिस्किटं. तेलंगसाहेबांनी प्रस्तावना केली आणि हात पुढे केला. मी ऐटीत वही दिली.

"अब हम असली आँकडे देखेंगे," तेलंगसाहेब म्हणाले, आणि वही उघडून भाषांतर करत वाचू लागले. "देशी मादी. वजन एक सौ बयालीस रत्तल. खुराक, सकाळी… भाकरी अर्धी. लसूण की चटणी."

"भाकरी?" दिल्लीचे साहेब म्हणाले.

"स्थानिक खाद्य," तेलंगसाहेब सावरून म्हणाले. पण चष्मा त्यांनी नाकावर वर सरकवला. "मंगळवार. अंगारकी. उपवास. साबूदाना चार औंस…"

"आपके यहाँ सुअर उपवास करता है?"

तेलंगसाहेबांनी घाईने पान उलटलं. "अब विलायती. खुराक, भाकरी तीन, भात, सूखी मछली. चाय दो कप. शेरा…" ते थांबले. पण प्रामाणिक माणूस! जे लिहिलंय ते वाचणारच. "शेरा: दोपहर को मोर्चे में गयी. नारे लगाये. गला बैठ गया."

तेवढ्यात शेजारच्या गोठ्यातली खरी विलायती ओरडली. घसा तिचा चांगला होता.

"डॉक्टर साहब," दिल्लीचे साहेब हळूच म्हणाले, "यॉर्कशायर की सुअर… संयुक्त महाराष्ट्र चाहती है?"

"राजाराम!" तेलंगसाहेब.

"साहेब, ती… ती माझी आई आहे."

मग मी सगळं सांगितलं. डबे, गाठी, हळदीचं बोट, चाळीची रांग, ट्रंक. दिल्लीचे साहेब आधी हसले, मग रुमाल काढून डोळे पुसत हसले, मग एकदम हसायचे थांबले. म्हणाले, "मेरे घर में भी यही झगडा है." आणि बिस्किट न खाता परत ठेवलं.

तेलंगसाहेब हसले नाहीत. ते वही पुढे वाचतच होते. बोटाने रकाना खाली खाली सरकत होता.

"ही दीड भाकरीवाली कोण?"

"माझी मंडळी, साहेब."

"चौदा दिवस वजन ढळलं नाही?"

"नाही, साहेब."

"आणि तुम्ही अजून घरी सांगितलं नाही?"

मी टेबलावरची फुलदाणी उगाच सरळ केली.

"साहेबांची गाडी संध्याकाळी आहे," ते उठत म्हणाले. "असली वही आत्ता आणायची. जीपने. आणि मीच येणार. तुमच्यावर माझा आता काडीचाही विश्वास उरलेला नाही!"

जीप चाळीच्या तोंडाशी थांबली तेव्हाच कळलं की उशीर झालाय. चौकात सगळी चाळ जमलेली. मोर्चा दुपारीच परतला होता, आणि परतल्यावर आईने फर्मान काढलं होतं, पंधरा दिवस झाले, निकाल वाचा! स्टुलावर दौलत उभा, हातात खाकी वही. केंद्रातली! डुक्कर हा शब्द त्यात कुठेच नव्हता. आम्ही नुसतं 'मादी' लिहायचो, मोठे शास्त्रज्ञ ना!

"विलायती मादी," दौलत खणखणीत वाचत होता. "स्वभाव चिडका. खुराक यायला उशीर झाला की ओरडते. पाठ खाजवली की शांत."

"ही अंबिकाची सासू!" कुणीतरी ओरडलं.

"पाठ कोण खाजवतंय माझी?" अंबिकाची सासू गरजली.

"दात किडके. डावा कान फाटका."

पाच बायकांनी एकदम आपापल्या डाव्या कानाला हात लावला.

"देशी मादी," दौलतचा आवाज जरा अडखळला. "अंगाने जाड. रंग काळा. कमी खुराकातही चरबी धरते. दुपारी चिखलात लोळली."

सगळ्यांच्या माना हळूहळू दुसऱ्या मजल्याकडे वळल्या. गॅलरीत कांता उभी होती. शेजारी वेळेआधीच आलेला रामजी, त्याच्या खांद्यावर ट्रंक. कांताच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ती जिना उतरायला लागली, मागोमाग रामजी.

"थांबा!" मी जीपमधून उडी मारली. "ती कांता नाही! ती डुक्कर आहे!"

वाक्य चुकलं हे ते तोंडातून सुटतानाच कळलं. रामजीने ट्रंक खाली ठेवली आणि बाह्या वर केल्या. कुशाबा पैलवानही रामजीच्या बाजूने पुढे आला!

मधे पडले तेलंगसाहेब. त्यांनी आधी दौलतच्या हातून वही घेतली, पानं तपासली, छातीशी धरली. मग सगळ्यांना नमस्कार केला.

"मी जनावरांचा डॉक्टर. ही वही माझ्या डुकरांची आहे. हा गाढव ती घरी घेऊन आला."

"डुकरां?" आई पुढे आली. "झिला, तू डुकरां राखतस?"

"आई, ते नंतर…"

"जातीवरून कोण किती खातं, असलं काही चाललंय का इथे?" दौलतची भुवई वर गेली होती, आणि आवाजात आता गंमत नव्हती. "तसं असेल तर ही वही इथेच फाडायची."

"जनावरांच्या जाती, भाऊ. माणसांना त्यात ओढलं ते राजारामने, आणि ते चूकच," साहेब शांतपणे म्हणाले. "माणसांबद्दल मला ठाऊक आहे ते एवढंच. प्रत्येक शरीर वेगळं. नुसतं जगायला कुणाला जास्त लागतं, कुणाला कमी. आणि ज्याला कमी लागतं, त्याने दोन घास जास्त खाल्ले तरी ते अंगाला लागतात. त्यात कुणाचा गुन्हा नाही." मग ते आईकडे वळले. "राधाबाई आपणच ना? आपल्या सुनेचं पंधरवड्याचं खाणं मी आत्ता वाचलं. बाईंनी चोरून एक घास खाल्ला असता तर वजन सरकलं असतं. सरकलेलं नाही. उलट त्या पोटाला कमीच खातायत."

आई कांताकडे पाहत राहिली. मग साहेबांकडे.

"आणि माझा? माझा काय लिवलासा?"

मी डोळ्यांनी साहेबांना खुणा करत होतो. पण प्रामाणिक माणूस!

"आपल्याला जास्त लागतं. विलायती जनावरासारखं."

"विलायती?" आईचा बसलेला घसा क्षणात सुटला. "मी विलायती? देवगडची असंय मी! आज लालबागपासून गिरगावापर्यंत घोषणा दिलंय मी! आणि ही देशी?"

"देशी जास्त चिवट, राधाबाई," दौलत म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याची भुवई खाली आली. "कमी मिळालं तरी टिकून राहते."

चौकात हशा उसळला. अंबिकाने टाळ्या वाजवल्या. कुणीतरी 'देशीचा विजय असो' म्हणून ओरडलं. कांता जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. ती हसली नाही. पदराची गाठ चाचपत तशीच उभी.

आई गर्दीतून वाट काढत गेली. मला वाटलं, आता भांडण! ती रामजीसमोर थांबली.

"ट्रंक वर ने," ती म्हणाली.

"पण मावशी…"

"वर ने सांगतंय मा! आणि ठेवन हात धू. जेवूक बस." मग कांताकडे न बघता, जिन्याच्या कठड्याला बोलावं तसं बोलली, "माझा चुकला. डब्याच्या गाठी मी सोडतंय."

कांताने कठडा सोडला आणि आईच्या हातातली मोर्चाची पाटी घेतली. ती जड होती. दोघी मिळून जिना चढल्या.

मी मागे. मला वाटलं, माझंही कौतुक होणार. शेवटी निर्दोष कुणी ठरवलं? वर गेल्यावर मी म्हटलं, "बघितलंस? आकड्यांनी सगळं सिद्ध झालं की नाही?"

कांता चुलीजवळ बसली होती. म्हणाली, "पंधरा दिवस तुम्ही माझी भाकरी मोजलीत. एकदा नुसतं म्हणाला असतात, 'कांता, माझा तुझ्यावर विश्वास आहे,' तर तराजू लागला नसता."

वजनाच्या बाबतीत मला कुणी फसवू शकत नाही म्हणतो ना मी? मी स्वतःच फसलो होतो. मी म्हटलं, "माझंही चुकलं." ती म्हणाली, "पाट मांडा." मी चार पाट मांडले. आईने कांताच्या ताटात स्वतःच्या हाताने बांगडा वाढला. मोठा तुकडा, डोक्याकडचा नव्हे!

इकडे तेलंगसाहेबांची असली वही वेळेत पोचली. योजना मंजूर झाली. महिन्याभरात माझा कायम झाल्याचा कागदही आला. फक्त साहेबांना आमच्या घरच्या आकड्यांचं वेड लागलं. म्हणाले, बाईंची हरकत नसेल तर आणखी एक महिना नोंद ठेवा. मी या वेळी आधी विचारलं! कांता म्हणाली, ठेवा, पण नाव घालून लिहा.

महिन्याने मी वही साहेबांच्या टेबलावर ठेवली. कांताचं वजन साडेतीन रत्तल वाढलं होतं. वाढ म्हटली की कारणाचा रकाना भरावा लागतो. तो नियमच होता. मी बराच वेळ विचार केला. भाकरी दीडच होती, भात तेवढाच. मग जे खरं तेच लिहिलं. कारण: सासू.

वही दुसऱ्या दिवशी परत आली. 'सासू'खाली लाल पेन्सिलीची रेघ होती आणि समोर साहेबांच्या इस्त्रीच्या अक्षरात एकच शेरा:

'रोजचं प्रमाण लिहा.'